शार्कमामा

डोंबिवलीत शार्क पाळणारी माणसं बरीच आहेत. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नटूनथटून जी गर्दी लोटते, तिच्यात अशी माणसं हमखास सापडतील, आणि त्यांतल्या एकाच्याही आईला घरातल्या शार्कची भीती वाटत नाही. दुकानात हे शार्क बोटाएवढे असतात. रुपेरी अंग, पिवळसर परांना आणि शेपटीला काळी किनार, पाठीवर उभा तिकोनी पर. त्यांचं शार्कपण त्या परापाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. कुळ पाहिलं तर रोहू-कटल्याच्या भावकीतले. जबड्यात दातसुद्धा नाहीत. एखाद्या मवाळ हेडक्लार्कचं आडनाव रणदिवे असावं, त्यातला प्रकार.

दुकानदार त्यांना सिल्व्हर शार्क म्हणतात, यूट्यूबवर शिकलेली मुलं बाला शार्क. मूळ वस्ती मलायाचं द्वीपकल्प, सुमात्रा आणि बोर्निओतल्या नद्यांत. दुकानातल्या माशाने मात्र त्या नद्यांचं तोंड पाहिलेलं नसतं. आग्नेय आशियातल्या शेततळ्यांत संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन त्यांची पैदास करतात, आणि मग प्लॅस्टिकच्या पिशवीत ऑक्सिजन भरून, रबरबँड लावून, ते कुठल्या कुठे जातात. थायलंडकडच्या नद्यांत यांचा एक भाऊबंद होता. तो निराळ्या जातीचा आहे, हे २००७ साली न्ग आणि कोटेलाट या दोघा मत्स्यशास्त्रज्ञांनी जुने जपून ठेवलेले नमुने तपासून सांगितलं आणि त्याला स्वतंत्र नाव दिलं. पण तोवर त्याला जिवंत पाहिल्याला कित्येक वर्षं लोटली होती. बारसं आणि तेरावं एकाच निबंधात.

दुकानदार गिऱ्हाइकाला तीन गोष्टी सांगत नाही. एक, हा बोटाएवढा मासा नीट वाढला तर फूटभर होतो. पस्तीस सेंटिमीटरपर्यंत जातो. दोन, तो दहा वर्षं आणि त्याहून जास्तही जगतो, म्हणजे आठवीतल्या मुलाने हट्टाने आणलेला मासा त्याच्या पहिल्या नोकरीचे पेढे खायला हजर असू शकतो. तीन, तो जोडीने राहत नाही. आपल्याकडे जिवंत वस्तू आणायची तर जोडीने, असा दंडक आहे. लव्हबर्ड जोडीने, ससे जोडीने. एकटा आणला तर जिवाला लागतं आणि तिसरा आणला तर खिशाला. या माशाला जोडीचं कौतुक नाही. दोघेच ठेवले तर त्यांतला एक स्वतःला टाकीचा मालक समजतो आणि दुसऱ्याला कोपऱ्यात दाबून ठेवतो. पाच-सहा असले की ती दादागिरी वाटली जाते आणि कुणाच्याच वाट्याला धड येत नाही.

म्हणजे याला लागतात दोनच गोष्टी, सोबत आणि जागा. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात पहिली इतकी मुबलक आहे, की सकाळी आठच्या सुमाराला ती फलाटावरून उतू जाते. दुसरीसाठी माणसं वीस-वीस वर्षं हप्ते भरतात.

माझा भाचा डोंबिवलीचा. आठवीत चांगले मार्क पडले म्हणून त्याने सायकलऐवजी मासे मागितले आणि आमच्या भावोजींनी स्वस्तात सुटलो म्हणून ते आनंदाने दिले. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. हिशेबाने छप्पन्न लिटर पाणी. दहावीपर्यंत मासे पंजाएवढे झाले आणि त्यांना वळताना शेपूट दुमडून घ्यावी लागायला लागली. तोवर पोराने वाचन केलं होतं. टाकी चार फुटी हवी आणि मासे पाच हवेत, असं त्याने जेवताना जाहीर केलं. "माणसांना जागा नाही घरात," असं ताई म्हणाली, आणि पुढच्या महिन्यात लग्नातला काचसामानाचा शोकेस माळ्यावर गेला. त्या जागी टाकी आली. वन बीएचके घरात दीड फूट खोलीची वस्तू आली, की माणसं कुशीवर चालायला शिकतात.

त्या घराचा आठवणीत राहिलेला कार्यक्रम म्हणजे वीज गेल्यानंतरचा. एअर पंप बंद पडला की पाण्यात हवा मिसळायची थांबते आणि मोठे मासे आधी वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागतात. उन्हाळ्यात हे लवकर होतं, कारण पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. उपाय एकच: टाकीतलं पाणी मगाने उचलायचं आणि वीतभर उंचीवरून टाकीतच ओतायचं, वीज येईपर्यंत. बारावीच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून ही पाळी भावोजींकडे आली. आयुष्यभर बँकेत हिशेब जुळवलेला माणूस मध्यरात्री बनियनवर उभा राहून टाकीतलं पाणी टाकीत ओततो आहे, आणि ताई मेणबत्ती धरून "हळू, हळू, गादीवर उडतंय" म्हणते आहे. पुढे बॅटरीवर चालणारा पंप आला तेव्हा भावोजींना जरा चुकल्यासारखं झालं असावं.

मग भाचा जर्मनीला गेला. आखेनला, पुढचं शिकायला. कागदपत्रं, ब्लॉक्ड अकाउंट, गोडा मसाला, कुकर, सगळ्याची यादी झाली. मासे यादीत नव्हते. तो विमानात बसल्यावर ताईचा फोन आला.

"अरे, तुझा हॉल मोठा आहे ना?"

ठाण्यातल्या माणसाचा हॉल मोठा असतो, हा डोंबिवलीकरांचा जुना समज आहे. ठाणेकरांचा तोच समज दादरवाल्यांबद्दल असतो. माझा हॉल पंधरा बाय दहा. पण ताईचा प्रश्न प्रश्न नव्हता. आणि पाठोपाठ फ्रँकफर्टहून पोराचा मेसेज आला: मामा, सहा बाय दोन बाय दोन करून घ्या, बारा एमएमची काच, झाकण घट्ट, ते उड्या मारतात.

टाकी करणारा कारागीर घरी येऊन काच जोडतो. सिलिकॉनला व्हिनेगरचा सपाटून वास येतो. घरात दोन दिवस कुणीतरी लोणचं सांडल्यासारखं वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांना स्लॅबची काळजी होती, आणि ती खोटी नव्हती. सहा बाय दोन बाय दोन म्हणजे चोवीस घनफूट, सहाशे ऐंशी लिटर, म्हणजे तितकेच किलो. त्यात काच, स्टँड, वाळू, दगड. राहत्या घराच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो असतो, आणि दोन फूट उंचीचं पाणी तेवढ्या जागेवर सहाशेच्या घरात वजन टाकतं. मात्र तो दोनशेचा हिशेब सबंध खोलीत पसरलेल्या भाराचा. टाकी भिंतीला लागून, तुळईवर आडवी ठेवली तर गोष्ट वेगळी होते. हे सगळं वरच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअर काकांनी नकाशा मागवून, पेन्सिलीने तुळई दाखवून सेक्रेटरींना पटवलं. माझ्याकडच्या सत्यनारायणाला याच हॉलमध्ये पन्नास माणसं दाटीवाटीने बसली होती, त्यांत सेक्रेटरीही होते, आणि तेव्हा स्लॅबचा विषय निघाला नव्हता. पण माणूस प्रसाद घेऊन जातो, टाकी जात नाही, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

तुळई दक्षिणेच्या भिंतीत निघाली. वास्तुशास्त्राच्या मते पाणी ईशान्येला हवं. येणारा प्रत्येक दुसरा माणूस मला हे सांगतो. आमच्या ईशान्येला न्हाणीघर आहे, त्यामुळे पाणी तिथेही आहे, हे उत्तर मी आता पाठ करून ठेवलं आहे.

मासे डोंबिवलीहून ठाण्याला आणणं हा खरा पराक्रम होता, आणि तो टेंपोवाल्याचा. आदल्या दिवशी उपास, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. झाकणाचे दोन मोठे पिंप, त्यांत टाकीचंच पाणी, बॅटरीवरचा पंप, आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट एका बादलीत झाकून: जुन्या फिल्टरचा काळाकुट्ट स्पंज. तो धुवायचा नाही, पिळायचा नाही, सुकू द्यायचा नाही. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया सुटतो आणि तो त्यांनाच विषारी असतो. स्पंजात राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी सोसतं. ही मंडळी नव्या टाकीत स्थिरावायला महिनाभर घेतात, म्हणून जुनी बिऱ्हाडं स्पंजासकट हलवायची. आमच्या घरी पोचल्यावर बायकोने तो स्पंज साबणात भिजवायला घेतला होता. टेंपोवाला धावला. त्याच्याही घरी टाकी होती.

टेंपो मोठागाव-माणकोलीच्या पुलावरून आला. खाली खाडी, वर पिंपांत शार्क, आणि शेजारच्या सीटवर भावोजी. ते पूर्ण रस्ताभर मागे वळून बघत होते. इकडे पोचल्यावर मासे एकदम नव्या पाण्यात सोडायचे नाहीत. पिंपात मगमग नवं पाणी मिसळत तास-दीड तास काढायचा. डोंबिवलीचं पाणी उल्हास नदीचं, ठाण्याचं बरंचसं भातसेचं. भातसा काळू नदीतून शेवटी उल्हासलाच मिळते, तेव्हा माहेरचं आणि सासरचं पाणी एकाच घराण्यातलं. मासे तरीही रुसले. पहिल्या दिवशी पाचही जण एका कोपऱ्यात, डोकी भिंतीकडे.

मासे पाळणं म्हणजे बहुतांशी पाणी वाहणं. दर आठवड्याला तीसेक टक्के पाणी बदलायचं, म्हणजे दोनशे लिटर. शहरात माणशी रोज एकशे पस्तीस लिटर पाणी द्यावं असा सरकारी निकष आहे. म्हणजे आमच्याकडे आठवड्यातून एकदा दीड पाहुणा मुक्कामाला येतो. पाणीकपातीच्या वाराला तो आला, तर घरात जसं वातावरण होतं तसंच होतं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांचे कल्ले आणि स्पंजातले जिवाणू दोघांनाही मारतो, म्हणून पाणी पिंपात रात्रभर उघडं ठेवायचं किंवा अँटीक्लोरीनचे थेंब टाकायचे. अँटीक्लोरीन म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट, पूर्वी फोटोच्या डार्करूममध्ये वापरायचे ते हायपो. पावसाळ्यात नदी गढूळ होते, पालिका औषधाचा हात सैल सोडते, आणि नळ उघडल्याबरोबर तरणतलावाचा वास येतो. त्या दिवसांत थेंब वाढवायचे. काढलेलं पाणी मात्र सोनं असतं. सोसायटीतल्या सगळ्या कढीपत्त्यांना आणि तुळशींना आता शार्कच्या पाण्याची चटक लागली आहे, आणि रविवारी सकाळी दारात रिकाम्या बाटल्यांची रांग असते. मुलांनी मला शार्कमामा नाव ठेवलं ते या रांगेत.

आता ज्यासाठी हे सगळं, ते. पाच फूटभर मासे सहा फुटांत एकत्र पोहतात तेव्हा नेमकं काय करतात, हे बघायला बसलं की संध्याकाळ कुठे गेली कळत नाही. पुढारी कुणी नसतो. टोकाशी पोचल्यावर जो मागे होता तो पुढे होतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. एक वळतो आणि मग बाकीचे वळतात, असं होत नाही. आपल्या लक्षात येईपर्यंत पाचही वळलेले असतात. माशाच्या कुशीवरून कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ जाते, पार्श्वरेषा. शेजाऱ्याने हलवलेलं पाणी त्या रेघेतल्या सूक्ष्म संवेदकांना कळतं. १९७६ साली ब्रिटनमधल्या तिघा संशोधकांनी सेथ या समुद्री माशाच्या डोळ्यांवर तात्पुरती झापडं लावली आणि त्याला डोळस माशांच्या थव्यात सोडलं. तो थव्यासोबत नीट पोहत राहिला.

१९८७ साली क्रेग रेनल्ड्स नावाच्या संगणकतज्ज्ञाने पडद्यावर थवा उडवून दाखवला. त्यासाठी त्याने प्रत्येक ठिपक्याला तीनच नियम दिले होते: शेजाऱ्याला धडकू नका, शेजारी ज्या दिशेने आणि वेगाने चालले आहेत तसे चला, आणि घोळक्यापासून फार लांब जाऊ नका. हे वाचल्यावर डोंबिवली स्टेशनचा जिना डोळ्यांपुढे येणार नाही असा माणूस इकडे विरळाच. पण ती तुलना मी करणार नाही. सगळे करतात, आणि ती चुकीची आहे. आपल्याकडे पहिलाच नियम पाळला जात नाही. त्याआधी १९७१ साली डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी घोळक्याबद्दल जरा कडवट विचार मांडला होता. कळपात प्रत्येकाची धडपड मध्ये शिरण्याची असते, कारण शिकारी आला तर काठावरचा आधी जातो. हे मात्र बसतं. लोकलच्या दारातून आत सरकू पाहणाऱ्या कुणालाही विचारा.

एवढ्या मोठ्या माशाला कशाची भीती वाटावी? तर दिव्याची. अंधारात टाकीचा दिवा एकदम लावला, की पाचही जण पाच दिशांना सुटतात आणि काचेवर आपटतात. म्हणून आधी हॉलचा दिवा, मग पाच मिनिटांनी टाकीचा. दिवाळीत तर टाकीला जुनी चादर पांघरून ठेवावी लागते. खाली बॉम्ब फुटला की झाकणावर आतून धाड असा आवाज येतो, आणि पाहुणे चकलीसकट दचकतात.

खाण्याच्या बाबतीत ते सर्वाहारी आहेत. दुकानातली गोळी, उकडलेले मटार सालं काढून, काकडीची चकती, उकडलेला पालक. जास्त घातलं की पाणी बिघडतं. टाकीत उपाशी मरणाऱ्या माशांपेक्षा खाऊन मरणारे जास्त. हे समोरच्या फ्लॅटमधल्या सीकेपी काकूंना पटवणं अवघड होतं. त्यांनी पहिल्या दिवशी टाकीपुढे उभं राहून माशांकडे जाणकार नजरेने पाहिलं आणि म्हणाल्या, "काटे फार असतील हो यांना." ते अगदी खरं आहे, या कुळात मांसात बारीक काट्यांचं जाळं असतं. तो प्रश्न असा निकालात निघाल्यावर काकूंची माया जडली. त्या करंदी सोलायला बसल्या की चिमूटभर वेगळी काढतात आणि वाटी घेऊन येतात. मासे त्यांना ओळखतात. मी दिसलो की सावकाश येतात, काकू दिसल्या की पुढच्या काचेवर पाच तोंडं. पण गटारी झाली की वाटी बंद. "श्रावण आहे," काकू म्हणतात. श्रावणभर शार्क मटारावर असतात. नारळी पौर्णिमेला काकूंनी त्यांना नारळीभाताचं एक शीत घालून पाहिलं. ते तोंडात घेऊन थुंकून टाकलं गेलं, आणि काकूंना त्याचं वाईट वाटलं.

भाचा रविवारी व्हिडिओ कॉल करतो. "मामा, फोन जरा टाकीकडे धरा ना," हे दुसरं वाक्य. मग नायट्रेट किती, धाकटा खातोय का, डाव्या कोपऱ्यातला दगड कुणी हलवला. त्याची खोली चौदा चौरस मीटरची आहे आणि स्वयंपाकघर सामाईक. वरण एकट्यापुरतं लावलं की कुकरला शिट्टी येत नाही, अशी त्याची तक्रार. मध्यंतरी दोन दिवस स्वित्झर्लंडला जाऊन आला तेव्हा त्याने एक गंमत सांगितली. तिथे २००८ सालापासून कायदाच आहे: कळपाने राहणाऱ्या जातीचा प्राणी एकटा पाळायचा नाही. गिनीपिग एकटा ठेवला तर गुन्हा, पोपट एकटा ठेवला तर गुन्हा.

"आणि विद्यार्थी?" मी विचारलं.

"विद्यार्थ्यांना लागू नाही मामा. मी वाचलं सगळं."

टाकी बघून लोक सल्ले देतात. त्यांतला एक सल्ला सारखा येतो: एवढे मोठे झालेत बिचारे, सोडून द्या ना तलावपाळीत, पुण्य लागेल. ठाण्यात पुण्य लावून घ्यायला तलाव भरपूर आहेत, मासुंद्यापासून उपवनपर्यंत पस्तीसेक. पण अशा पुण्याचा इतिहास बरा नाही. काच साफ करतो म्हणून घराघरांत आणलेला दक्षिण अमेरिकेचा सकर मासा मोठा झाल्यावर असाच कुणीकुणी सोडून दिला. आता पूर्व आणि दक्षिण भारतातल्या तळ्यांत तो कोळ्यांच्या जाळ्यात येतो, जाळी फाडतो, आणि त्याला कुणी खातही नाही. पाहुण्याला आपल्या घरात जागा नाही म्हणून दुसऱ्याच्या घरात ढकलण्यातला हा प्रकार. तो मी करणार नाही. मला ताईचा भाऊ म्हणून राहायचं आहे.

मात्र त्या सल्ल्याने एक गोष्ट सुचली. ताई, भावोजी आणि आम्ही दोघं एका रविवारी तिळशाला गेलो. वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसेश्वराचं देऊळ आहे; २०१४ साली पालघर वेगळं होईपर्यंत हे आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं. भिवंडी-वाडा रस्त्याबद्दल मी काही लिहीत नाही, ज्यांनी तो केला आहे त्यांच्या कमरेला तो पाठ आहे. देवळापाशी नदीचा डोह आहे आणि डोहात महासीर. हेही रोहूच्याच भावकीतले, म्हणजे आमच्या शार्कचे थोरले चुलते. नदीत हा मासा मीटरभर वाढतो. धरणं झाली, सुरुंग लावून मासे मारणं झालं, तसे नद्यांतले महासीर कमी होत गेले. मग १९७०च्या दशकापासून टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला त्यांची पिल्लं वाढवायला घेतली. तिळशाला असं केंद्रबिंद्र काही नाही. हे देवाचे मासे आहेत, इथं गळ टाकायचा नाही, एवढंच. ना फिल्टर, ना स्पंज, ना तुळईचा नकाशा.

ताईने कुरमुरे टाकले. पाणी एकदम काळं झालं आणि फुटलं. हाताएवढ्या लांबीच्या पाठीच पाठी. भावोजी चष्मा सावरत मोजायला लागले आणि त्यांनी लगेच नाद सोडला. त्यांच्या हातात मग दिला असता, तर ते तिथंही पाणी ओतायला लागले असते.

"यांचं पाणी कोण बदलतं रे?" ताईने विचारलं.

"वैतरणा."

"आणि वीज गेली की?"

यावर भावोजी हसले. ताई बराच वेळ काठावर बसून होती. उठताना म्हणाली, टाकी गेल्यावर त्या भिंतीपाशी शोकेस परत आणून ठेवला, पण तो आता तिथं शोभत नाही. भिंतीवर चार फुटांचा चौकोन कोरा दिसतो, बाकीच्या भिंतीचा रंग उडालेला. तिथं छोटंसं काहीतरी ठेवावं म्हणते. गप्पी चालतील. पालिकेचा मलेरिया विभाग डासांसाठी गप्पी फुकट देतो, शेजारणीने आणले होते.

"गप्पी चार आणलेस तर दोन महिन्यांत चाळीस होतील," मी म्हणालो. गप्पीबाई अंडी न घालता थेट पिल्लंच देते, तीही महिन्या-महिन्याला.

"होऊ देत की. तुमच्या शार्कसारखे काही जागा नाही खात."

परतताना वाड्याच्या बाजारात तिने गाडी थांबवायला लावली. टाकीबिकी नको, बरणी बस झाली, म्हणाली. दोन दुकानं पालथी घातली, काचेची मोठी बरणी काही मिळाली नाही; मिळाली ती लोणच्याची, चिनी मातीची, पोटात पिवळी, गळ्यापाशी तपकिरी. भावोजींनी तीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "यात मासे दिसणार कुठून?"

"वरून," ताई म्हणाली आणि पैसे देऊन मोकळी झाली.